किल्ली खिशात आहे ना?

लिफ्टपाशी पोचलो की माझा उजवा हात आपोआप पँटच्या खिशावर जातो. वरूनच चाचपायचं, काहीतरी गुळगुळीत टणक लागलं की बटण दाबायचं. खाली पार्किंगमध्ये उतरल्यावर अजून एकदा चाचपायचं, आणि गाडीच्या दाराला हात घालायच्या आधी परत एकदा. गंमत म्हणजे ही किल्ली बाहेर काढायची कधी वेळच येत नाही, "सर खिशातच राहू द्या, गाडीला कळतं" असं शोरूममधल्या पोराने डिलिव्हरीच्या दिवशी मला निदान चार वेळा सांगितलं होतं. गाडीला कळतं हो, मला कुठे कळतं?

जुन्या किल्लीचं हे दुखणं नव्हतं. ती हातात असायची. आमच्या बाबांची पांढरी मारुती ८०० होती आणि तिची किल्ली घरात शिरल्या शिरल्या खुंटीला, बाहेर पडताना खुंटीवरून हातात. खुंटीवर नसेल तर बाबा बाहेर आहेत, आणि बाबा घरात असून खुंटीवर नसेल तर घरात वादळ. इतका साधा हिशोब होता. तिची डुप्लिकेट काढायची म्हणजे रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एक किल्लीवाला फूटपाथवर बसायचा त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, तो मूळ किल्ली आणि कोरी पट्टी जोडीने धरून कानशीने घासायचा, डोळ्यासमोर धरून बघायचा, परत दोनदा घासायचा, की झाली. चहा पिऊन येईपर्यंत काम तमाम. अशा दोन-तीन किल्ल्या घरात पडलेल्या असायच्या, एक आईच्या जुडग्यात, एक माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, एक शेजारच्या काकूंकडे. काकूंना गाडी चालवता येत नव्हती पण आमच्या घराची पण एक किल्ली त्यांच्याकडेच असायची, त्यामुळे गाडीची वेगळी कुठे ठेवायची असा प्रश्नच आला नाही.

अर्थात त्या किल्लीत फार काही राम नव्हता हेही खरं. एकदा एका लग्नात मंगल कार्यालयाच्या बाहेर बाबांनी गाडी उघडली, आम्ही सगळे आत बसलो, आईने मांडीवर आहेराच्या पिशव्या घेतल्या आणि मग ती म्हणाली, अहो, आपल्या गाडीत गणपती होता, हे स्वामी समर्थ कुठून आले? दुसऱ्याचीच पांढरी ८००. शेजारीच आमची उभी. किल्लीला खाचा मोजक्याच असतात, त्यात वर्षानुवर्षं वापरून किल्ली पण झिजते आणि कुलूप पण झिजतं, मग ते कोणालाही हो म्हणायला लागतं. आम्ही गुपचूप उतरलो, बाबांनी ती परत नीट लॉक केली, आणि घरी येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. नंतर मात्र ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगून झाली.

आत्ताची किल्ली असल्या चुका करत नाही. ती बोलते गाडीशी, म्हणजे अक्षरशः. आपण दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं की गाडी अगदी हळू आवाजात, साधारण १२५ किलोहर्ट्झवर विचारते, कोण आहे? हा आवाज जेमतेम मीटर-दीड मीटर पोचेल इतपतच ठेवलेला असतो. खिशातली किल्ली तो ऐकते आणि आपल्याकडे सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. ते उत्तर दरवेळी वेगळं, त्यामुळे कोणी एकदा चोरून ऐकलं तरी दुसऱ्यांदा ते चालत नाही. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. यासाठी किल्लीच्या पोटात एक बटणासारखा सपाट सेल असतो, सीआर २०३२, त्यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. मला हे कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला, इतकी वर्षं तो नंबर मी घड्याळवाल्याला मंत्रासारखा म्हणून दाखवत होतो.

तर या किल्लीने माझी जी काही फजिती केली ती मागच्या पावसाळ्यात.

मला मुंबईला जायचं होतं, सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. पुणे स्टेशनपर्यंत गाडी मी चालवली, बायको शेजारी बसलेली, मला सोडून ती परत घरी जाणार होती. स्टेशनबाहेर पाऊस, मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत, पोलीस शिट्टी वाजवतोय, मी इंजिन चालू ठेवूनच उतरलो, डिकीतून बॅग घेतली, ती सरकून माझ्या सीटवर आली आणि निघाली. गाडीने पीं पीं केलं असणार. किल्ली गाडीबाहेर गेली की ती ओरडतेच, समोर मेसेज पण येतो. पण पुणे स्टेशनच्या बाहेर सकाळी सात वाजता एखादी गोष्ट पीं पीं करतेय याकडे कोण लक्ष देणार? आणि इथे खरी मेख आहे, किल्ली लांब गेली म्हणून चालू इंजिन बंद पडत नाही. पडूही नये, नाहीतर हायवेवर किल्लीचा सेल संपला की माणूस ट्रकच्या पुढ्यात थांबायचा. म्हणजे किल्लीशिवाय गाडी पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत जाईल, फक्त मधे कुठे बंद करायची नाही.

बायकोने ती कर्वे रोडला डेअरीपाशी बंद केली. दूध घ्यायला.

फोन आला तेव्हा आमची क्वीन देहूरोडच्या पुढे गेली होती, मी ऑम्लेट मागवलं होतं. "अरे किल्ली कुठेय?" असं तिने विचारलं आणि माझा हात खिशावर गेला. तीच ती चाचपायची सवय, या वेळी मात्र ते गुळगुळीत टणक हाताला लागलं तेव्हा पोटात गोळा आला. शेजारचे पासवाले काका माझ्याकडे बघून म्हणाले, काय विसरलात? मी म्हटलं, विसरलो नाही हो, आणलीय.

आता बघा, किल्ली नाही म्हणजे गाडी चालू होत नाही हे तर झालंच, पण ती लॉकही करता येत नाही. म्हणजे सोडून घरी पण जाता येत नाही. तिने आईला फोन लावला. आईचं वय ७६. स्पेअर किल्ली गोदरेजच्या कपाटात, आतल्या लॉकरमध्ये, त्या लॉकरची किल्ली आईच्या जुडग्यात. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट मी ती तिथे ठेवली होती, दागिन्यांच्या शेजारी, कारण गाडी घेताना सर्व्हिस सेंटरवाल्याला सहज विचारलं होतं की हरवली तर नवीन केवढ्याला, तो म्हणाला प्रोग्रामिंग धरून साडेनऊ हजार. साडेनऊ हजारांची वस्तू आपण कुठे ठेवणार, लॉकरमध्येच. आई रिक्षा करून पावसात डेअरीपाशी आली, किल्ली कनवटीला लावलेली, आणि ती बायकोच्या हातात दिली. बायकोने बटण दाबलं. काही नाही. गाडी म्हणे किल्ली सापडत नाही.

स्पेअरचा सेल मेलेला होता.

मला वाटायचं वापरली नाही म्हणजे ती नवीन राहते, गादीखाली ठेवलेल्या साडीसारखी. तसं नसतं. गाडी कधी हाक मारेल याची वाट बघत ती लॉकरच्या अंधारात चार वर्षं रात्रंदिवस कान टवकारून बसलेली असते. इतकं ऐकत बसल्यावर सेल उतरणारच ना.

मग इकडे मी ट्रेनमध्ये बसून मोबाईलवर मॅन्युअल शोधतोय, घाटाजवळ रेंज जायला लागलीय, तिकडे रिक्षावाला आईला सोडून गेलाच नव्हता, तो बघत उभा. तो पुढे झाला आणि म्हणाला, ताई, ती किल्लीच बटनाला टेकवा आणि तसंच दाबा. स्टार्टच्या बटणाला. टेकवली, ब्रेक दाबला, गाडी सुरू. त्याचा मेहुणा म्हणे गॅरेजमध्ये आहे. नंतर वाचलं तेव्हा कळलं की किल्लीत सेलवर न चालणारी अजून एक चिप असते, आपल्या मेट्रोच्या कार्डासारखी, अगदी चिकटवून धरली की गाडीच तिला बसल्या जागी वीज पुरवते. काही गाड्यांमध्ये ती जागा स्टार्टच्या बटणातच असते, काहींमध्ये कप ठेवायच्या खाचेत, काहींमध्ये स्टिअरिंगच्या दांड्यापाशी. आपली कुठे आहे ते कोरड्या दिवशी बघून ठेवलेलं बरं. शिवाय किल्लीच्या बाजूला एक छोटा खटका असतो, तो सरकवला की आतून चक्क एक लोखंडी किल्ली निघते, बोहरी आळीतल्यासारखी, आणि दाराच्या हँडलपाशी कुठेतरी, बऱ्याचदा टोपणाखाली लपवून, तिचं भोक पण ठेवलेलं असतं. मी घरी आल्यावर ती लावून बघितली, दार उघडलं आणि लगेच गाडी बोंबलायला लागली, पार्किंगमध्ये सगळ्या गॅलऱ्यांमध्ये लोक आले. असं दार उघडणारा माणूस चोर असतो अशी तिची समजूत. अख्ख्या गाडीत तेवढी एकच खरी किल्ली आणि ती वापरली की आपण चोर.

खरे चोर मात्र दार मोडत नाहीत. २०११ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तिघांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या घेऊन दाखवून दिलं होतं की दोन अँटेना पुरतात, एक गाडीपाशी, एक घराच्या दारापाशी. गाडीची ती हळू हाक उचलून घरातल्या किल्लीपर्यंत पोचवायची, किल्लीला वाटतं मालक गाडीपाशी उभा आहे, ती उत्तर देते, दार उघडतं. दहाच्या दहा गाड्या फसल्या. नव्या काही किल्ल्यांमध्ये आता असं करतात की टेबलावर ठेवली आणि हलली नाही की थोड्या वेळाने ती झोपते, किंवा उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजून गाडी अंतर ताडते. माझी तशी आहे का कोण जाणे, म्हणून मी हे वाचल्यावर दोन दिवस किल्ली चकलीच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. डबा घेऊन गाडीपाशी जाऊन प्रयोग पण केला, झाकण लावलं की गाडी ओळख देत नाही, उघडलं की देते. वॉचमन बघत होता. तिसऱ्या दिवशी आईने डबा घासायला टाकला, किल्ली काढून फळीवर ठेवली एवढी माझी पुण्याई, आणि स्वयंपाकघरात प्रयोग करायचे नाहीत म्हणून सांगितलं.

आता स्पेअरचं करायचं काय यावर घरात बैठक बसली. बायको म्हणाली, माझ्या पर्समध्ये राहू दे, दोघांकडे एकेक. हे शहाणपणाचं होतं, पण मग दोघं एका गाडीत असलो की दोन्ही किल्ल्या गाडीत, आणि विमा रिन्यू करायला आलेल्या एजंटने आधीच घाबरवून ठेवलेलं की गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागते, एक कमी पडली तर प्रश्न विचारत बसते. शेजारी ठेवावी तर शेजारी भाडेकरू, दर अकरा महिन्यांनी नवीन. काकूंना जाऊनही आता सात वर्षं झाली.

शेवटी आईनेच निकाल दिला. ती पावसात रिक्षाने आली होती त्यामुळे तिला बोलायचा अधिकार होता. नवीन सेल घालून ती किल्ली तिने आपल्या जुडग्यात अडकवली, कपाटाची, लॉकरची, देवघराच्या ड्रॉवरची आणि आमच्या विकून टाकलेल्या वाड्यातल्या खोलीची एक किल्ली आहे, तिच्या शेजारी. ती खोली पाडून तिथे बिल्डिंग झालीय, किल्ली आहे. मी म्हटलं, अगं आई, ही नाजूक असते, घासली जाईल. म्हणाली, मी काय तिने दगड फोडणारे?

यातून एक वेगळाच प्रकार सुरू झाला. आमची गाडी जिन्याच्या तोंडाशीच लागते, आणि किल्लीवाला माणूस जवळ आला की तिचे मिटलेले आरसे उघडतात, दिवे लागतात. स्वागत म्हणून दिलेली सोय आहे ती. आई रोज संध्याकाळी पाच वाजता खाली कट्ट्यावर बसायला उतरते, जुडगा कमरेला. ती जवळून गेली की गाडी आरसे उघडते. तिला गाडी चालवता येत नाही, पुढच्या सीटवर बसायलाही तिला आवडत नाही, पण गाडी रोज तिला दोनदा सलाम ठोकते, जाताना आणि येताना. कट्ट्यावरच्या बाकीच्या आज्या ते बघायला थांबतात. मला एवढ्याने बॅटरी उतरेल का अशी शंका आली होती, बोललो नाही.

परवा संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी जरा पार्किंगमध्ये उभा होतो, पाच वाजून गेले, सहा वाजले, आरसे मिटलेलेच. मग आठवलं की आई सकाळीच सांगलीला दादाकडे गेलीय, महिनाभर. एसटीने. मी लगेच फोन लावला.

"आई, गाडीची किल्ली?"

"आहे की जुडग्यात. मी दादाच्या गाडीपाशी पण उभी राहून बघितलं रे," ती म्हणाली, "तिने नाही आरसे उघडले."