भूम-परंडा-वाशी : १,५०९ मतांच्या मुलखात

निवडणुकीच्या आदल्या रात्री पुण्याहून मराठवाड्याकडं निघालेल्या एसटीत पाय ठेवायला जागा नसते. १९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री हडपसरच्या गाडीतळावरून बार्शीची एक गाडी न थांबताच गेली, दुसरीच्या दारातच माणसं लोंबकळत होती, तिसरीत कसाबसा शिरलो. आत चाकणच्या कंपन्यांतली पोरं, वाघोलीला बांधकामावर असलेले गवंडी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोघं-तिघं. सगळे भूम, परंडा, वाशी, कळंबचे. माझ्या शेजारचा पोरगा कंत्राटी कामगार होता. मतदानादिवशी पगारी सुट्टी कायद्यानं मिळते, पण त्याची ती हजेरी बुडणार होती, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. तरी निघाला होता. का, असं विचारलं तर म्हणाला, "या खेपेला काट्याची हाय दादा. एक-एक मत लागणार."

काट्याची होतीच. परंडा मतदारसंघ म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले भूम, परंडा आणि वाशी हे तीन तालुके. २००४, २००९ आणि २०१४ ला इथून राहुल मोटे निवडून आले, २०१९ ला तानाजी सावंत. आता दोघं पुन्हा समोरासमोर: सावंत शिंदेंच्या शिवसेनेकडून धनुष्यबाणावर, मोटे शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून तुतारी वाजवणाऱ्या माणसावर. जूनमध्ये लोकसभेला धाराशिवची जागा ओमराजे निंबाळकरांनी ३ लाख २९ हजारांवर मतांनी जिंकली होती. तेव्हा गावात निकालाची चर्चाही दोन दिवसांत संपली. विधानसभेला मात्र दिवाळीपासूनच घराघरात दोन तट पडलेले.

पहाटे तीनच्या सुमाराला गाडी टेंभुर्णीला चहासाठी थांबली. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. त्यात बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, जळणाचा भारा, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या खाचीत गोधड्या पांघरून झोपलेली माणसं. कोयते गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळलेले. एक बाई तेवढी जागी होती, मांडीवरच्या लेकराला थोपटत बसलेली. कुठल्या म्हणून विचारलं तर वाशी तालुक्यातलं गाव सांगितलं, आमच्या गावापासून फार तर दहा-बारा किलोमीटर. माळशिरसकडं साखर कारखान्याच्या ऊसतोडीला निघाले होते.

"मावशी, आज मतदान हाय की."

"हाय की. कार्ड पेटीत आणलंय संगं." तिनं हातानं पेटी दाखवली.

"मग एक दिवस थांबायचं हुतं."

"कारखाना सुरू झालाय बाबा. मुकादम म्हणला, टोळी भरली, निघा. दिवाळीच्या आधीच उचल घेतलीय, ती फिटायला नको व्हय?" मग थोडं थांबून म्हणाली, "लाडक्या बहिणीचे पैसे आले खात्यावर. मत टाकायचंच हुतं औंदा. ट्रॅक्टर काय माझ्यासाठी थांबतोय."

कुणाला टाकणार होती ते मी विचारलं नाही. आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. माझी गाडी गावाकडं चालली होती आणि तिचा ट्रॅक्टर गावापासून लांब, तेही मतदान सुरू व्हायला चार तास उरलेले असताना. उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, मतदान २० ला. पाच दिवसांचा फरक. या दोन तारखा ठरवणाऱ्यांनी बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या वस्त्यांचा विचार केला असता तर ती पेटी त्या रात्री घरातच राहिली असती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बार्शीला उतरून भूमची पहिली गाडी धरली. बार्शी सोडली की थोड्या वेळात सोलापूर जिल्हा संपतो आणि मराठवाडा लागतो. काळी जमीन पातळ होत जाते, माळ वर येतो, उसाऐवजी ज्वारीची बोटभर उगवण दिसायला लागते. सोयाबीन निघून गेलेलं, पण बऱ्याच घरांत पोती तशीच थप्पी लावून ठेवलेली. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट. गाडीत याच्यावर जेवढं बोलणं झालं तेवढं दोन्ही उमेदवारांवर मिळूनही झालं नाही. मराठा आरक्षणाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली यायचे. जरांगे पाटलांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार उभे न करण्याचं जाहीर केल्यापासून, ती मतं कुणीकडं जाणार याचा अंदाज जो-तो आपल्या सोयीनं बांधत होता.

आमचं मतदान केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. मी पोचलो तेव्हा बायकांची रांग पुरुषांच्या रांगेच्या दुप्पट होती. सत्तेतले पंधराशेचे एकवीसशे करू म्हणत होते, विरोधातले तीन हजार देऊ म्हणत होते आणि रांगेतल्या बायका या दोन्ही आकड्यांवर मोकळेपणानं बोलत होत्या. माझ्या पुढं एक म्हातारी नातीचा हात धरून उभी होती. नातीचं पहिलंच मतदान. म्हातारी तिला बजावत होती, "बटन दाबल्यावर लगीच फिरू नगं. काचंत चिठ्ठी दिसती, आपलंच हाय का बघ, मग ये." व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. हे म्हातारीला कुणी शिकवलं कोण जाणे, पण प्रशिक्षणातही याहून सोपं कुणी सांगत नसेल.

शाई लावून बाहेर आलो आणि माझे चुलते, तात्या, जिथं होते तिथं गेलो. तात्या आयुष्यभर बूथ सांभाळत आले. आता वय झालं म्हणून आत एजंट नव्या पोरांतला असतो, पण यादी तात्यांच्याच हातात. कोण येऊन गेलं, कोण राहिलं, कुणाला आणायला माणूस पाठवायचा, सगळं त्या कागदांवर. दुपारी तीनला त्यांनी यादीची शेवटची पानं माझ्यापुढं धरली. वरच्या आळीची पानं खुणांनी भरलेली होती. माळावरच्या वस्तीची पानं जवळजवळ कोरी.

"हे सगळे कारखान्याला गेले. म्हातारी माणसं तेवढी येऊन गेली," तात्या म्हणाले. "दोन्ही पार्ट्यांची मतं गेली बघ. माझी बी गेली, त्यांची बी गेली."

संध्याकाळी मी वस्तीवर जाऊन आलो. घरांना कुलपं, काही घरांना नुसती काटकी लावलेली. एका ओसरीवर आजी आणि तीन नातवंडं होती. पोरांची शाळा बुडू नये म्हणून आई-बापांनी ती मागं ठेवलेली. आजीच्या बोटाला शाई होती. घरात पाच मतदार, मत एक.

मतदान आणि मतमोजणी यांच्या मधल्या दिवसांत गावात थांबलं तर डोकं भणभणतं. जो भेटेल तो लीड सांगतो. म्हणून मी फिरायला बाहेर पडलो. भूम परिसरात खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना हा खवा माहीत असेल. भट्टीवर पहाटे दूध येतं, मोठ्या कढईत चढतं आणि माणूस लांब दांड्याच्या उलथण्यानं ते सतत हलवत उभा राहतो. क्षणभर हात थांबला की बुडाला लागतं. चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा. पाणी कमी, बागायत कमी, म्हणून माणसानं जनावर धरलं आणि दुधावर संसार उभा केला. भट्टीवाल्याला मी विचारलं, कोण येणार? कढईवरची नजर न काढता तो म्हणाला, "कोण बी येऊ द्या, कृष्णेचं पाणी आणलं म्हंजे झालं." कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाच्या २३.६६ टीएमसी पाण्याचं नाव इथल्या प्रत्येक निवडणुकीत निघतं. पहिल्या टप्प्यातल्या ७ टीएमसीसाठी उजनीकडून बोगद्यानं सीना-कोळेगावात पाणी आणायचं, ही वाट लहान पोरंही तोंडपाठ सांगतात.

तिथून परंड्याला गेलो. परंड्याचा किल्ला भुईकोट, दुहेरी तटबंदीचा, भोवती रुंद खंदक. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ आधी इथं होती, सतराव्या शतकात इथून तिकडं नेली. आजही बुरुजांवर तोफा आहेत. एकीच्या अंगावर हात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. उन्हात तापली होती, कोरीव अक्षरं बोटांना लागत होती. खाली बाजारात दोन्ही पक्षांचे झेंडे अजून काढलेले नव्हते. किल्ल्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, त्यासाठी पुन्हा सवडीनं यायला हवं.

२३ नोव्हेंबरला सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू झाली. गावात पारावर सकाळपासून माणसं. टीव्हीवर राज्याचं चित्र दहा-अकरापर्यंतच स्पष्ट व्हायला लागलं. महायुतीची लाटच होती. पण आमच्या पाराला राज्याशी काही देणंघेणं नव्हतं. एकाच्या मोबाइलवर धनुष्यबाण पुढं, त्याच वेळी दुसऱ्याच्या मोबाइलवर तुतारी पुढं. मोजणीच्या ठिकाणी असलेल्या पोरांचे फोन येत, फेरीचा आकडा सांगत, आणि लगेच कुणीतरी तो खोडून काढी. भूमचा कुठला भाग मोजायचा राहिलाय, वाशीची मशीन झाली का, यावर वाद. दुपारी जेवायला कुणी घरी गेलं नाही. दोन सख्खे भाऊ, एक इकडचा, एक तिकडचा, एकाच मोबाइलवर डोकं घालून बसलेले मी पाहिले.

अखेर आकडा आला. तानाजी सावंत १,०३,२५४, राहुल मोटे १,०१,७४५. फरक १,५०९.

गुलाल उडाला, फटाके वाजले. दुसऱ्या बाजूची माणसं हळूहळू उठून गेली, काही तिथंच पिपाणीचा हिशोब मांडत बसली. तुतारीशी साधर्म्य असलेलं हे चिन्ह दुसऱ्या उमेदवाराकडं होतं आणि त्याला पडलेली मतं फरकाहून जास्त निघाली. त्यांची तळमळ मला खरी वाटली. पण मला त्या आकड्यानं दुसरीकडंच नेलं. एका मतदान केंद्राला त्या वेळी जास्तीत जास्त १,५०० मतदार जोडता येत. तीन तालुक्यांचा निकाल एका केंद्राच्या यादीएवढ्या मतांवर लागला. ७५५ माणसांनी दुसरं बटन दाबलं असतं तर निकाल फिरला असता. आणि आमच्या एका वस्तीचीच पानं कोरी होती. अशा वस्त्या या डोंगराच्या दोन्ही अंगांना गावोगाव आहेत. त्या मतांनी निकाल फिरला असता की फरक वाढला असता, ते कुणालाच सांगता यायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती मोजली जायला हवी होती.

त्याच दिवशी मराठवाड्यात आणखी कुठं कुठं असंच झालं. घनसावंगीत २,३०९ मतांचा फरक, औरंगाबाद पूर्वला २,१६१, सिल्लोडला २,४२०. नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीत तर अवघा १,४५७, तोही अख्ख्या लोकसभा मतदारसंघात. मराठवाड्यातल्या ४६ जागांपैकी किती ठिकाणी पारावर माणसं अशी उपाशी बसली असतील!

सैनिकाला टपाली मत आहे. निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे. ८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदाराच्या घरी पथक येऊन मत घेऊन जातं, आणि हे फार चांगलं झालं. ऊसतोड कामगारासाठी यातलं काही नाही. परगावातून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत रिमोट मतदान यंत्राचा नमुना पक्षांपुढं ठेवला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालतील असा. पक्षांनी शंका काढल्या, विषय मागं पडला. शंका असतील, त्या मिटवाव्यात. पण तोवर निदान एवढं तरी करता येईल: मतदान झाल्यावर टोळ्या निघतील अशी हंगामाची तारीख धरावी, किंवा कारखान्यांनी मतदानासाठी टोळ्यांना गावी आणून सोडावं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असं आपण सहज म्हणतो. म्हणजे प्रत्येक कोयत्यामागं दोन मतं बुडतात.

हे मी रात्री तात्यांना बोललो. वाटलं, हसतील. ते उठले, पेटीतून यादी काढली आणि वस्तीची पानं माझ्यापुढं टाकली. "नुसतं बोलून काय हुतंय? लिही. कोण कुठल्या कारखान्यावर गेलंय ते नावापुढं लिहू, आन् भूमला तहसीलमधी देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत आम्ही दोघं नावापुढं गाव लिहीत गेलो. माळशिरस, कोल्हापूर, बेळगाव, पुन्हा माळशिरस. दुपारी माझी गाडी होती. दोन पानं राहिली होती, ती तात्या मुकादमाला फोन लावून पुरी करणार आहेत.