कोणाच्या हातात काय

गाडीच्या शोरूममध्ये किमतीचा आकडा सहसा तोंडाने उच्चारला जात नाही. सेल्समन कॅल्क्युलेटर बडवतो, आलेल्या आकड्याकडे मान तिरकी करून बघतो, जणू त्यालाही तो नवाच आहे, आणि मग कॅल्क्युलेटर अलगद आपल्याकडे वळवतो. त्याआधी त्याने एक साळसूद प्रश्न विचारलेला असतो: "महिन्याला साधारण किती जमेल?" आपण भाबडेपणाने खरं उत्तर दिलं की पुढचा सगळा हिशेब त्या उत्तराला जुळवून घेतला जातो.

गिऱ्हाईक शोरूममध्ये तीनच गोष्टी विचारायला जातं. कितीला, कधी, आणि बिघडली तर कोण बघणार. समोरचा माणूस तिन्हींची उत्तरं एकाच आवाजात, एकाच खात्रीने देतो. गंमत अशी की यातली पहिली गोष्ट थोडीफार त्याच्या हातात असते, दुसरी जवळजवळ नसते आणि तिसरीशी त्याचा काडीचा संबंध नसतो. शोरूममधली बहुतेक भांडणं होतात ती चुकीच्या माणसाने दिलेल्या शब्दावरून.

किमतीचं आधी उरकू. कर आणि नोंदणी यांत डिलर काही करू शकत नाही. तिथे घासाघीस करणं म्हणजे वेळ घालवणं. हलतं ते बाकीचं: डिलरच्या मार्जिनमधली सूट, हँडलिंग चार्जेस, विम्यावरचं आणि कर्जावरचं कमिशन, जुन्या गाडीचा भाव, आणि मॅट, सीट कव्हर, कोटिंग असल्या वस्तूंचं ते 'पॅकेज'. हा सगळा प्रकार फुग्यासारखा असतो, इकडे दाबला की तिकडे फुगतो. सूट वाढली की जुन्या गाडीचा भाव उतरतो, भाव वाढवून घेतला की विमा महाग होतो. म्हणून सवलतीची रक्कम ऐकून हुरळण्यात अर्थ नाही. सगळ्या ओळी मांडलेलं लेखी कोटेशन घ्यायचं आणि दोन डिलरांची तुलना फक्त शेवटच्या ओळीने करायची. जुन्या गाडीचा भाव आधी बाहेर काढून ठेवायचा आणि नव्या गाडीची किंमत ठरेपर्यंत तिचा विषयच काढायचा नाही.

हप्त्याच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाच वर्षांसाठी ७ टक्के 'फ्लॅट' दराने घेतलेलं कर्ज घटत्या शिलकीच्या हिशेबाने साधारण साडेबारा टक्क्यांना पडतं. कारण सरळ आहे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण फ्लॅट व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच मोजलेलं असतं. दोन बँकांचे दर शेजारी ठेवण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत का, एवढं विचारलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. आणि साठ हप्त्यांचे चौऱ्याऐंशी करून 'परवडणारी' केलेली गाडी स्वस्त झालेली नसते, हे वेगळं सांगायला नको.

महिनाअखेरीला जास्त सूट मिळते, हे खरं आहे; टार्गेट गाठलं तर डिलरला कंपनीकडून बोनस असतो आणि एका गाडीवर तो बोनस अडकलेला असेल तर डिलर मार्जिन सोडतो. पण हे चालतं यार्डात उभ्या असलेल्या गाडीवर. ज्या मॉडेलला रांग आहे तिथे महिन्याची कुठलीही तारीख सारखीच.

यार्डातली गाडी डिलरने बहुधा कर्ज काढून उभी केलेली असते. दिवस जातील तसं व्याज चढतं, म्हणून जुना स्टॉक विकायची घाई त्यालाच जास्त. गाडी किती जुनी आहे हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. चॅसी नंबर सतरा अक्षरांचा. त्यातलं दहावं अक्षर बऱ्याच कंपन्या मॉडेल वर्षासाठी वापरतात: 'आर' म्हणजे २०२४, 'एस' म्हणजे २०२५. काही देशांत हे बंधनकारक आहे, काही ठिकाणी नाही, म्हणून दाराच्या खांबावरची किंवा बॉनेटखालची कंपनीची पट्टीही बघावी. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२५ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर आधी बॅटरी जाते. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर तिच्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.४ च्या खाली असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी बॅटरी बदलून मागावी, कारण अर्धवट चार्जमध्ये पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि नंतर कितीही चार्ज केली तरी तिची मूळ ताकद परत येत नाही. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर दिसला म्हणून मात्र दचकू नये, दहा-बारा वेळा ब्रेक दाबले की तो जातो. जुना स्टॉक घेणं वाईट नाही. जुन्या स्टॉकला नव्याचा भाव देणं वाईट.

आता 'कधी'. "तीन आठवड्यांत गाडी तुमची" असं सांगणारा माणूस खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ठाऊकच नसतं. कंपनी डिलरला गाड्या वाटून देते, त्याने मागितल्या तेवढ्या आणि तशा देईलच असं नाही. कारखान्यातही रंग आणि व्हेरियंट घाण्याघाण्याने निघतात. लाल रंगाचा घाणा कालच उरकला असेल तर पुढचा कधी, हे शोरूमच्या टेबलावर कुणीच सांगू शकत नाही. २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, आधीच असलेला चिपचा तुटवडा आणखी वाढला, आणि जगभरात तयार होत आलेल्या गाड्या एका किरकोळ भागासाठी खोळंबून राहिल्या. त्याच वर्षी प्यूजो कंपनीने ३०८ या मॉडेलमध्ये चिपा वाचवण्यासाठी डिजिटल स्पीडोमीटर काढून जुना काट्याचा बसवला. असल्या दिवसांत सेल्समनचे तीन आठवडे कशाच्या भरवशावर होते, हे त्यालाच माहीत.

त्याला तारीख विचारण्याऐवजी गाडी कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारावं. बुकिंग कंपनीच्या सिस्टीममध्ये चढलं का? उत्पादनाला लागलं का? चॅसी नंबर पडला का? चॅसी नंबर हातात आला की गाडी खरोखर अस्तित्वात आहे, आणि उरला तो फक्त प्रवास. तोवर सांगितलेली प्रत्येक तारीख अंदाजाची. 'ट्रान्झिटमध्ये आहे' असं कुणी म्हणालं आणि चॅसी नंबर मात्र देत नसेल, तर ट्रान्झिटमध्ये आहे ती गाडी दुसऱ्या कुणाची असण्याचा संभव जास्त. आणि "हा रंग नाही, पण पांढरी उद्या मिळेल" असं ऐकू आलं, तर ती कुणाच्या तरी रद्द झालेल्या बुकिंगची किंवा पडून राहिलेल्या स्टॉकची असते. रंगाची हौस नसेल तर सूट मागायची सगळ्यात चांगली वेळ हीच.

बुकिंगच्या कागदावर चार गोष्टी शाईने असायला हव्यात: व्हेरियंट आणि रंग, मॉडेल वर्ष, बुकिंग रद्द केलं तर किती पैसे किती दिवसांत परत, आणि किंमत कुठल्या दिवसाची. शेवटची गोष्ट लोक हटकून विसरतात. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरांत 'डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत' असं छापलेलं असतं, म्हणजे उशीर कंपनीचा आणि भाववाढ तुमची. डेमो गाडी स्वस्तात मिळत असेल तर तिची पहिली नोंदणी कधीची ते बघा. वॉरंटीचं घड्याळ त्या दिवसापासून चालू झालेलं असतं. तुम्ही चावी घेता त्या दिवसापासून नाही.

वॉरंटी हे मात्र संपूर्ण वेगळं राज्य आहे. तिथे सेल्समनचं काही चालत नाही आणि वर्कशॉपमध्ये तक्रार लिहून घेणाऱ्या सर्व्हिस ॲडव्हायझरचंही फारसं चालत नाही. पैसे देते कंपनी. डिलर आधी काम करतो आणि मग कंपनीकडे बिल लावतो. कंपनी त्या कामाला ठरावीक वेळ आणि ठरावीक दर देते, जो गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या दरापेक्षा बरेचदा कमी असतो. काढलेला जुना भाग तपासणीसाठी राखून ठेवावा लागतो किंवा परत पाठवावा लागतो, आणि कंपनीने दावा नाकारला तर खर्च डिलरच्या डोक्यावर बसतो. "साहेब, हे नॉर्मल आहे" या वाक्यामागे हे सगळं अर्थकारण उभं असतं. त्या ॲडव्हायझरवर चिडून उपयोग नाही. त्याला कंपनीपुढे मांडता येईल अशी केस बनवून द्यावी लागते.

केस बनते जॉब कार्डवर, म्हणजे ॲडव्हायझर तक्रार लिहून घेतो त्या कागदावर. 'पुढून आवाज येतो' एवढंच लिहिलं गेलं तर मेकॅनिक गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणतो आणि 'तक्रार आढळली नाही' असा शेरा मारतो. त्याऐवजी असं लिहून घ्यावं: सकाळी थंड इंजिन असताना, ताशी ३० ते ४० च्या वेगात, स्टिअरिंग उजवीकडे वळवल्यावर, डाव्या पुढच्या चाकाकडून टक्‌टक्‌ आवाज, गाडी तापली की बंद. एवढं वाचल्यावर कुठला भाग काढून बघायचा हे मेकॅनिकला आपोआप कळतं. आवाज थंड गाडीतच येत असेल तर गाडी आदल्या रात्री तिथे सोडावी आणि सकाळी त्याला शेजारी बसवून आपण चालवावी. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर बॅटरीची वायर काढू नये आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा कोडही पुसून घेऊ नये. दिवा लागला त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान हे सगळं कोडबरोबर साठवलेलं असतं. पुसलं की पुरावा गेला. आणि काही सापडलं नाही, तरी 'आढळली नाही' असं लिहिलेला कागद घेऊनच निघावं. तोच दोष वर्षभराने वाढून परत आला तर तो मुदतीत नोंदवला होता, याचा एवढाच दाखला हाती उरतो.

कशाला वॉरंटी नाही हे पुस्तिकेत छापलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब ही झिजणारी मंडळी बाहेर, किंवा फार थोड्या मुदतीपुरती आत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बरेचदा त्यांच्या कंपन्यांची असते. उंदराने वायर कुरतडली किंवा इंजिनात पाणी गेलं तर ते विम्याचं काम, वॉरंटीचं नव्हे. तिथे हुज्जत घालण्यात दिवस गेला तर विमा कंपनीला कळवायलाही उशीर होतो. पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारायचाच नाही, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकते आणि विमावालाही कां-कूं करायला लागतो.

बाहेरून काही बसवलं की सगळी वॉरंटी जाते, ही भीती मात्र फुगवलेली आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग वापरला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावं लागतं. इतर देशांचे कायदे वेगवेगळे आहेत, पण तंट्याचा मुद्दा व्यवहारात सगळीकडे हाच येतो. म्हणून मूळ वायर कापून दिवे जोडण्याऐवजी कपलरवर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगवर, बसणारी हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) घ्यावी. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं.

'तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते' या वाक्यातलं 'जे आधी' सर्व्हिसिंगलाही लागू असतं. गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरच फिरली म्हणून सर्व्हिसिंग टाळणारे नेमके इथे अडकतात. सर्व्हिसिंग बाहेर केलं असेल, तर बिलावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड असू द्यावा. नुसतं 'ऑइल चेंज' काही सिद्ध करत नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीची की त्रयस्थ विमा कंपनीची, हे आधी विचारावं. मग यादी बघावी. 'खालील भाग समाविष्ट' अशी यादी असेल तर यादीत नसलेलं सगळं बाहेर. 'खालील भाग वगळून' अशी असेल तर कागद बराच बरा. दाव्याची कमाल मर्यादा बघावी. आणि सगळ्यात त्रास देणारं कलम: मंजुरीआधी काहीही उघडायचं नाही. गॅरेजवाल्याने उत्साहाने गिअरबॉक्स खोलला की दावा बुडाला. शिवाय दावा नामंजूर झाला तर खोलण्या-बसवण्याची मजुरी तुमची. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच. ७४ टक्क्यांवर रडत बसलेली बॅटरी कागदोपत्री ठणठणीत असते.

वॉरंटी नुकतीच संपली आणि मोठा भाग गेला, तर 'गुडविल' नावाचा, म्हणजे मुदतीनंतरही कंपनीने आपल्या मर्जीने खर्च उचलण्याचा, एक दरवाजा किलकिला असतो. तो डिलर उघडत नाही, कंपनी उघडते. डिलर फक्त शिफारस करतो. अनेकदा भागाची किंमत कंपनी आणि मजुरी गिऱ्हाईक, अशी वाटणी होते. अर्जात चॅसी नंबर, किलोमीटर, मुदत संपून किती दिवस झाले, सर्व्हिसिंगच्या सगळ्या बिलांच्या प्रती आणि दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट जोडावं. त्याच दोषाची तक्रार मुदतीत असताना नोंदवलेलं जुनं जॉब कार्ड सापडलं, तर ते सगळ्यात वर लावावं आणि अर्जातला 'विनंती' हा शब्द खोडून 'दावा' लिहावा.