नकाशावरचा लाल पट्टा

उपग्रहाला दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरून वस्तीचा अंदाज बांधणाऱ्या आमच्या नकाशात मुलुंडच्या एका भागावर लाल पट्टा उमटला. लाल म्हणजे रात्रीचा उजेड घटला. सहकारी म्हणाला, "वस्ती ओसरतेय, असं अहवालात लिहू या." मला पटेना. त्या बाजूला क्रेन हलत नाही असा दिवस मी तरी पाहिलेला नाही.

आमची माहिती 'व्हिअर्स' या प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाची. 2011 साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर तो बसवलेला आहे. पावसाळ्यात मुंबईवर ढग, त्यामुळे ते महिने जवळपास हातचे जातात. उपग्रह आपल्यावरून जातो तो मध्यरात्रीनंतर, साधारण दीडला. तेव्हा घराघरांतले दिवे बरेचसे विझलेले असतात. त्याला दिसतो तो मुख्यतः रस्त्यांचा उजेड.

त्याच रात्री मी मुलुंडला उतरले. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमन काकांना विचारलं, इथे अंधार वाढलाय का? ते हसले. "अंधार? ताई, ते पांढरे दिवे लागल्यापासून सुई पडली तरी सापडते. आधी पिवळे होते, तेव्हा माणसाचा चेहरा ओळखू यायचा नाही."

सगळं त्या पांढऱ्या दिव्यांतच होतं. हा संवेदक साधारण 500 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टिपतो. सोडियमचा पिवळा उजेड, सुमारे 589, त्याला पुरेपूर दिसतो. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग 450च्या आसपास, तो त्याच्या हिशेबातच येत नाही. शिवाय नवे दिवे प्रकाश खाली रस्त्यावर टाकतात, वर कमी सांडतात. रस्ता उजळला आणि आकाशातून तोच मंदावलेला दिसला.

उलटंही होतं. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात बॉम्बे हाय तेलक्षेत्रातल्या गॅसज्वाला एखाद्या गावासारख्या चमकतात. तिथे कुठलं आलंय गाव!

सकाळी सेंटिनेल-2 या दुसऱ्या उपग्रहाची दिवसाची चित्रं शेजारी ठेवली. त्या चित्रांतला एकेक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटरचा; त्यांत लाल पट्ट्यातच मोकळ्या जागा भरत गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. नियोजनाच्या बैठकीत असे नकाशे पाहून पाण्याचा, शाळांचा अंदाज बांधला जातो. माणसं वाढत असताना कागदावर ती घटलेली दाखवणं मला सहन होण्यासारखं नव्हतं. अहवालातून ते वाक्य आम्ही काढलं, आणि दिवे कुठल्या रस्त्यावर कधी बदलले त्या तारखा वॉर्ड ऑफिसकडे मागितल्या. त्या मिळेपर्यंत पट्ट्याचा रंग करडा ठेवला आहे.