चढ संपल्यावर काटा किती वेळात उतरतो?

आपल्याकडची अँबॅसिडर आणि एमजीबी ही दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, या दोघींची इंजिनं एकाच घराण्यातली आहेत हे मला इथे इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला राहायला आल्यावर कळलं. दोन्ही बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, ‘बी सीरिज’ इंजिनं. अँबॅसिडरला १४८९ सीसी, एमजीबीला १७९८. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात याच गावात बनत होती, आणि अँबॅसिडर जिच्यावरून बेतली ती मॉरिस ऑक्सफर्ड इथून जवळच, काउलीला. त्यामुळे शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी त्यांची जुनी एमजीबी मला चालवायला दिली, तेव्हा साताऱ्याला काकांना फोन केल्यावाचून राहवलं नाही. काकांनी मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वरला वर्षानुवर्षं अँबॅसिडर टॅक्सी चालवली आहे.

त्यांचा पहिलाच प्रश्न, “गरम होते का?” मी सांगू लागलो, चढाला तापमानाचा काटा अमुक ठिकाणी गेला, मग तमुक ठिकाणी. त्यांनी मध्येच थांबवलं. “आरं, चढाला काटा कुठं गेला ते नको सांगू. चढ संपल्यावर किती वेळात खाली आला, ते सांग.”

तापमानाच्या काट्याबद्दल इथे मी बरंच ऐकलं आणि वाचलं, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

बऱ्याच एमजीबींत एकाच गोल डायलमध्ये दोन काटे असतात, एक ऑइल प्रेशरचा आणि एक पाण्याच्या तापमानाचा. सुरुवातीच्या गाड्यांत तापमानाच्या काट्याला वीज लागतच नाही. सिलिंडर हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, पुढच्या टोकाला धातूचा छोटा बल्ब, त्यात ईथर, आणि तिथून डॅशबोर्डापर्यंत अगदी बारीक नळी. पाणी तापलं की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो, डायलमधली वाकवलेली नळी किंचित उलगडते आणि काटा सरकतो. नळी कुठे पिचली, की ईथर उडून जातं आणि काटा कायमचा बसतो.

काटा खरं बोलतो का, हे पाहायला शेजाऱ्यांनी बल्ब काढला आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरला. बाजूला थर्मामीटर. नळीला कुठे मुरड पडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी तोलून धरली होती. काटा थरथरत चढला आणि १०० च्या जरा अलीकडे थांबला. हाच प्रयोग साताऱ्यात करणार असाल, तर आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे हे ध्यानात ठेवा. तिथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ ला.

गाडीतलं पाणी मात्र दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण दर चौरस इंचाला १० पौंडांचा दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला ते ११५ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट असेल तर त्याहून वर. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी सवलत गेली. स्वस्तातली वस्तू आहे, आधी तीच बदला.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. चढाला काटा चढणारच. उतार लागल्यावर तो काही मिनिटांत नेहमीच्या जागी आला, तर काळजीचं कारण नाही. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, म्हणजे हवा कमी पडते आहे. फॅन आणि बेल्ट बघा. सपाट रस्त्यावर वेगात असताना चढतच राहिला, तर रेडिएटर आतून चोंदला असण्याचा संभव मोठा. टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी असंच होतं. गाडी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा चालू केली की काटा वर दिसतो, त्याला घाबरू नका. पाण्याचा पंप थांबलेला असतो आणि इंजिनच्या ब्लॉकची उष्णता साचलेल्या पाण्यात उतरलेली असते.

आपल्याकडे गाडी तापते म्हटलं की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडपच, काढून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. एमजीबीचा थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. सकाळी काटा चढत जातो आणि एका क्षणी किंचित मागे येतो, तेव्हा तो उघडलेला असतो. तोच काढला, तर इंजिन तापायला वेळ लागतो, ऑइल जाड राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. दुखणं रेडिएटरचं असेल, तर ते तसंच राहतं.

घात करतो तो एकाएकी खाली येणारा काटा. होज पाइप फुटून पाणी निघून गेलं की बल्ब कोरडा पडतो, आणि इकडे इंजिन भाजत असताना काटा उतरू लागतो. भर चढाला कारणाशिवाय काटा पडला, तर तिथेच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण इंजिन पुरतं निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की आतलं पाणी वाफ होऊन अंगावर येतं. आणि केळघर घाटात झऱ्याचं गार पाणी हाताशी असलं, तरी ते तापलेल्या इंजिनात ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.