नवव्या दिवशी एकादशी

रविवार, रात्री साडेदहा

आज जेवणे आटोपल्यावर बाबांनी देवघरातील शाळिग्राम बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा आणि काळा कुळकुळीत असा तो दगड आहे. त्याच्या एका बाजूला लहानसे तोंड आहे, आणि विजेरीचा झोत आत टाकला की शंखासारख्या वळ्या स्पष्ट दिसतात. आजोबांना तो एका यात्रेकरूने दिला होता, इतकेच घरात सर्वांना ठाऊक आहे. दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, हिमालय नव्हता तेव्हा, तेथील समुद्रात राहणाऱ्या जीवाचा हा जीवाश्म असून तो नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात सापडतो, हे मी बाबांना सांगितले. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मग याला एकदा त्याच्या नदीवर नेऊ या.” नागपूर ते काली गंडकीच्या खोऱ्यातील मुक्तिनाथाचे मंदिर आपल्याच गाडीने जायचे, हा विचार वर्षभर घरात घोळत होता, पण त्याचे कारण आज मला पहिल्यांदा कळले.

जानेवारीत आम्ही कोजागिरी ते दिवाळी असा बेत आखला होता. नेपाळमध्ये दसऱ्याचा टीका कोजागिरीपर्यंत चालतो, त्यामुळे त्यानंतर निघायचे आणि वसुबारसेपर्यंत घरी परतायचे, असे बारा दिवस कागदावर नीट बसले होते. नवऱ्याने अंतरे मांडली, मी मुक्काम लिहिले, आणि तो कागद फ्रिजवर चिकटला. आज तो काढून पुन्हा वाचताना मला भीती वाटली. आम्ही सगळा हिशेब किलोमीटरमध्ये केला होता. नागपूरहून जबलपूर, प्रयागराज आणि गोरखपूर या टप्प्यांना तो लागू पडतो. पेंचच्या जंगलातून जाणारा उंच रस्ता, ज्याच्या खालून वन्यप्राणी ये-जा करतात, तो तर माझ्या विशेष आवडीचा आहे आणि तेथे काळजीचे काही नाही. सुनौलीची सीमा ओलांडून बुटवलच्या पुढे घाट सुरू झाला, की किलोमीटरला अर्थ उरत नाही. बुटवलजवळ सिद्धबाबाच्या कड्यावरून दरडी इतक्या कोसळतात की तेथे बोगद्याचे काम हाती घ्यावे लागले. पोखऱ्याच्या पुढे बेनीपासून जोमसोमपर्यंतचा रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो, आणि तेथे किती वेळ लागेल हे आदल्या रात्रीचा पाऊस ठरवतो. सध्या श्रावण चालू आहे आणि त्या भागातील दरडींच्या बातम्या मी रोज वाचते आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. काली गंडकीची दरी धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) या दोन शिखरांच्या मधून उत्तरेकडे गेली आहे. दिवस तापला, की पलीकडच्या तिबेटच्या पठाराकडे याच दरीतून वारा ओढला जातो. दुपारी तो इतका जोर धरतो की जोमसोमची विमाने सकाळीच उडतात. म्हणजे तेथे आम्हाला पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठावा लागेल, आणि दिवसातले मोजकेच तास हाती राहतील.

तिसरी गोष्ट बाबांचे वय. ते बाहत्तर वर्षांचे आहेत आणि मुक्तिनाथचे मंदिर ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखरा हे जेमतेम ८०० मीटरवर असल्याने तेथून एका दमात वर जाणे डॉक्टरांनी साफ नाकारले. म्हणून पोखऱ्याला एक दिवस विश्रांती घ्यायची, मग तातोपानी, मग मार्फा (सुमारे २,६७० मीटर), मग कागबेनी, आणि मुक्तिनाथला सकाळी जाऊन रात्री मार्फ्यालाच उतरायचे, असे मी ठरवले. वर मुक्काम करायचा नाही, यावर मी ठाम आहे. तेथील १०८ धारांखाली स्नान करण्याचा हट्ट बाबांनी आपणहून सोडला, याचे मला फार समाधान वाटले.

हे सगळे मांडले तेव्हा बारा दिवसांचे सोळा झाले आणि दिवाळीच्या आधीचा बेत मोडला. मी खट्टू होऊन बसले होते, तेवढ्यात बाबांनी पंचांग उघडले. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी निघालो, तर नवव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते आणि त्या दिवशी आम्ही कागबेनीला, नदीच्या काठावर असू. पुढे पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने चालतात, ज्यांत नवरदेव म्हणून शाळिग्रामही असतो. बाबा काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या तारखेवर बोट ठेवले. त्या क्षणी सगळे ठरले. नोव्हेंबरात थंडी कडक असेल, पण आकाश स्वच्छ असते आणि दरडींचे भय ओसरलेले असते.

कागदपत्रांचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. गाडीसाठी सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळचे सीमाशुल्क, भरावा लागतो. तो दिवसांच्या हिशेबाने असतो आणि किती दिवस राहणार हे आधीच सांगावे लागते, म्हणून दहा दिवसांच्या मुक्कामासाठी मी बारा दिवसांचा भन्सार घेणार आहे, कारण दरडीमागे अडकलो तर दंडाची चिंता नको. गाडीचा विमा नेपाळमध्ये आपोआप लागू होत नाही, त्यासाठी पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्यावी लागते, हे अनेकांना माहीत नसते; उद्या पहिला फोन त्यासाठीच करायचा आहे. तिघांचे पासपोर्ट, पीयूसी, अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना आणि शंभराच्या नोटा, एवढे यादीत लिहिले. नेपाळी कागदांवर तारीख विक्रम संवताची असते, तेव्हा आमच्या सोळा दिवसांच्या तारखा मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही पद्धतींनी मांडून ठेवल्या आहेत.

शाळिग्रामाच्या पूजेत खंड पडू द्यायचा नसतो, त्यामुळे सोळा दिवस त्याला शेजाऱ्यांकडे ठेवावे की सोबत न्यावे, हा प्रश्न तसाही उभा राहिला असता. आता तो आपोआप सुटला. आजोबांचे पितळी संपुष्ट माळ्यावरून खाली आले. बाबांनी ते चिंचेने घासले, आत कापूस घातला आणि झाकण दोनदा लावून पाहिले. येताना तेथून एकही दगड उचलायचा नाही, असे त्यांनी मला बजावले. नेलेला शाळिग्राम आपलाच आहे हे परतताना कोणी विचारले तर दाखवता यावे, म्हणून देवघरातला त्याचा फोटो मी आज काढून ठेवला. तुळशीच्या पानांचे काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा बाबा म्हणाले, “तुळस शिळी होत नसते, डबीत घालून ने.”

एकादशीला फराळाचे काय, हे मात्र राहिले होते. मार्फा सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे आणि बटाटा त्या भागात सगळीकडे मिळतो. वहीत नवव्या दिवसासमोर मी तेवढेच लिहिले: सफरचंदे, उकडलेले बटाटे, सैंधव घरून.