बघ, कोण आलंय!

घरात आधीची कुत्री असताना नवं पिल्लू आणणारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात, "बघ, कोण आलंय!" आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर चढलेला, काखेत पिल्लू, आणि त्या पिल्लाचं तोंड थेट जुन्या कुत्र्याच्या नाकाला टेकवलेलं. आपल्या डोक्यात पहिल्या भेटीचं चित्र आधीच रंगवून झालेलं असतं, फोनचा कॅमेराही सुरू असतो. जुन्याला मात्र एवढंच दिसतं, की आपली माणसं परका वास घेऊन आलीत, विचित्र आवाजात बोलताहेत आणि एक अनोळखी तोंड डोळ्यांत डोळे घालून बघतंय.

कुत्र्यांच्या रीतीत असं समोरासमोर येणं हाच उद्धटपणा. दोन सभ्य कुत्री मोकळ्यावर भेटली तर सरळ चालून येत नाहीत. वळसा घालतात, नजर चुकवतात, मधेच काही काम असल्यासारखी जमीन हुंगतात आणि मग बाजूने येऊन एकमेकांची मागची बाजू तपासतात. आपल्याला संकोच वाटतो. त्यांना तिथे नर की मादी इथपासून पुष्कळ काही कळतं. म्हणून पहिली भेट घरात नकोच. कुणाच्याही हद्दीत नसलेली जागा, दोन माणसं, दोन सैल पट्टे, मधे भरपूर अंतर आणि एकाच दिशेने चालणं. बघायला अत्यंत कंटाळवाणं. व्हिडिओ काढण्यासारखं काही घडलं नाही, तर भेट उत्तम झाली समजावं. पिल्लाच्या लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर बाहेरचं सगळं पुढे ढकलायचं आणि घरातच मधे जाळीचं फाटक लावायचं.

"शेपूट हलवतोय, म्हणजे खूश आहे" हीसुद्धा आपली एक लाडकी समजूत. ताठ, उंच धरलेली आणि नुसती थरथरणारी शेपूट आनंदाची नसते. इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये आढळलं, की मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि परकं दांडगं कुत्रं दिसल्यावर डावीकडे. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की डावीकडे झुकणारी शेपूट बघून दुसऱ्या कुत्र्यांच्या छातीचे ठोके वाढतात. हे वाचल्यापासून मी आमच्या मोती कुत्र्याच्या मागे उभा राहून डावं-उजवं बघायचा प्रयत्न करतो. तो वळून बघतो आणि मोजणी तिथेच संपते.

खरी कसोटी गुरगुरण्याची. पिल्लू आमच्या थोरल्या कुत्रीच्या, राणीच्या अंगावर चढलं, ती गुरगुरली, की घरातून कुणीतरी ओरडतंच, "राणी! लहान आहे ना तो!" बिचारीचे सांधे दुखतात, झोपमोड झालीय, आणि तिने दात न लावता सांगितलंय की लांब हो. याहून सभ्य भाषा तिच्याकडे नाही. याच भाषेबद्दल रागावत राहिलं तर ती गुरगुरणं सोडते, राग सोडत नाही. मग एक दिवस काहीही न सांगता चावते. खरं तर तिला आधार हवा असतो आपला. पिल्लाला उचलून बाजूला न्यावं आणि राणीला निवांत पडू द्यावं, एवढंच. अंग आखडलं, तोंड घट्ट मिटलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, की गुरगुरण्याचीही वाट बघू नये.

अशा वेळी घरी आलेले पाहुणे एक सल्ला देऊन जातात. "भांडू द्या त्यांना, बॉस कोण ते ठरवतील आपापसांत." या सल्ल्याला मोठा वाडवडिलार्जित इतिहास आहे. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ मध्ये लिहिलं आणि त्यातून, भांडून एक म्होरक्या ठरतो, ही कल्पना पसरली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. हाणामारी दिसली होती ती कुंपणात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांत. आपला हॉल रानापेक्षा त्या कुंपणाच्या जास्त जवळचा आहे, हे मात्र पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. त्या निरीक्षणातून धडा काढायचाच तर तो "कोंडू नका" असा निघतो.

बाकी गोष्टी सोप्या. जेवणाची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत, हाडं आणि आवडती खेळणी काही काळ कपाटात. भांडण जुंपलंच तर मधे हात घालायचा नाही. मोठा आवाज करावा, पाणी टाकावं, मधे पाट सरकवावा.

हिशेब मात्र आधी करून ठेवावा. दोन कुत्र्यांत एकच नातं सांभाळायचं असतं. तिसरं आलं की नाती तीन होतात, आणि चौथ्याला सहा. पिल्लाचं मोतीशी जमलं म्हणून राणीशी जमेल असं नाही, आणि मोती-राणीचं जुनं मैत्र तिसऱ्यापायी रुसू शकतं. आमच्याकडे सध्या तीनपैकी दोन नाती सुरळीत आहेत, तिसऱ्याच्या मधे जाळीचं फाटक आहे. त्याच फाटकाला धडकून रोज कुणाचा तरी पाय सुजतो, पण ते काढायला अजून कुणी तयार नाही.