सहाव्या वर्षापासून दुकान कुठे आहे?

ऑडिट कमिटीची बैठक दोन दिवसांवर आली असताना आमच्या टीममधली सर्वांत नवी सहकारी लॅपटॉप उघडाच हातात धरून माझ्या टेबलापाशी आली आणि तिने विचारले, "मॅडम, सहाव्या वर्षापासून हे दुकान कुठे आहे?" प्रश्न मला आधी कळलाच नाही. दुकान जिथे आहे तिथेच असणार, असे काहीतरी उत्तर मी दिले असावे. ती म्हणाली, "पण मग भाडे कोण भरतंय?"

ज्या कंपनीचे हे लेखापरीक्षण चालले होते तिचा व्यवसाय किरकोळ विक्रीचा, आणि तिची जवळजवळ सगळी दुकाने भाडेपट्ट्यावर घेतलेली. आयएएस १७ हे भाडेपट्ट्यांचे जुने आंतरराष्ट्रीय लेखामानक होते तोवर अशा भाडेपट्ट्यांचा ताळेबंदाशी संबंध येत नसे. महिन्याचे भाडे नफा-तोटा पत्रकात खर्ची पडले की हिशोब संपला, आणि पुढल्या दहा वर्षांची बांधिलकी टिपांच्या एका तक्त्यात राहत असे. सूचिबद्ध कंपन्यांच्या भाडेपट्ट्यांच्या बांधिलक्या जगभरात सुमारे ३.३ लाख कोटी डॉलरच्या असून त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक ताळेबंदाबाहेर आहेत, असा अंदाज मानक बनवणाऱ्या मंडळानेच मांडला होता. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेले आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेले आयएफआरएस १६ हे नवे मानक त्याच दुखण्यावरचे औषध होते. बारा महिन्यांपर्यंतचे आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे भाडेपट्टे बाजूला ठेवता येतात. बाकी सगळे भाडेकरूच्या ताळेबंदावर दोन्ही बाजूंनी येतात. एका बाजूला जागा वापरण्याचा हक्क ही मालमत्ता, दुसऱ्या बाजूला द्यावयाच्या भाड्याचे दायित्व.

त्या दुकानाचे आकडे मी इथे प्रमाण राखून, पण बदलून देते. वर्षाचे भाडे १००, वर्षअखेरीस देय, मुदत दहा वर्षे. कंपनीला तेवढ्याच मुदतीचे, तशाच तारणावर कर्ज काढावे लागले असते तर ज्या व्याजदराने मिळाले असते तो दर ६ टक्के. या दराने दहा भाड्यांचे आजचे मूल्य ७३६ येते, आणि पहिल्या दिवशी मालमत्ता व दायित्व दोन्ही तेवढीच असतात. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मालमत्तेवर दरवर्षी सारखा घसारा पडतो. दायित्व मात्र कर्जासारखे, आधी हळू आणि मग भराभर उतरते. पाच वर्षे सरली तेव्हा या दुकानाची वापरहक्क मालमत्ता ३६८ वर आली होती आणि दायित्व ४२१ वर थांबले होते. कोणाची चूक नसताना मधल्या वर्षांत दायित्व मालमत्तेपेक्षा मोठे दिसते, हे नव्याने पाहणाऱ्याला नेहमीच खटकते. याशिवाय दुकानातले फर्निचर, रॅक, वातानुकूलन वगैरे मिळून २५० पुस्तकात होते. म्हणजे एकूण पुस्तकी मूल्य ६१८.

दुकानाची विक्री दोन वर्षे घसरत होती, त्यामुळे मूल्यऱ्हासाची चाचणी, आम्ही बोलताना जिला सरसकट इम्पेअरमेंट टेस्ट म्हणतो ती, घेणे आयएएस ३६ नुसार भागच होते. तत्त्व सोपे आहे: मालमत्ता वापरून किंवा विकून, दोन्हींतल्या ज्या मार्गाने जास्त रक्कम वसूल होईल, तिच्याहून अधिक किमतीला ती पुस्तकात ठेवता येत नाही. एकट्या रॅकमधून किंवा एकट्या जागेतून पैसा येत नाही, म्हणून ज्या सर्वांत लहान समूहातून स्वतंत्र म्हणावी अशी रोख आवक होते तो समूह एकत्र तपासायचा. इथे तो समूह म्हणजे एक दुकान. या दुकानाचा भाडेहक्क दुसऱ्याला देऊन फार काही मिळण्यासारखे नव्हते, त्यामुळे सगळी भिस्त वापरमूल्यावर, म्हणजे पुढे येणाऱ्या रोख प्रवाहाच्या आजच्या मूल्यावर होती.

कंपनीच्या शीटनुसार वर्षाला ११० चा प्रवाह, नूतनीकरणाचा खर्च वजा जाता पण भाडे वजा न करता, पाच वर्षे येत होता आणि त्यानंतर वाढ शून्य धरून तोच प्रवाह कायमचा चालू राहत होता. पुढल्या पैशाचे आजचे मूल्य काढण्याचा, म्हणजे वटावाचा, करपूर्व दर ९ टक्के. पहिल्या पाच वर्षांचे मूल्य ४२८, पुढच्या अनंत काळाचे, म्हणजे टर्मिनल व्हॅल्यूचे, ७९४, एकूण १,२२२. पुस्तकी मूल्याच्या जवळजवळ दुप्पट. शीटच्या तळाशी हिरव्या चौकटीत "ऱ्हास नाही" असे उमटले होते.

पहिल्या पाच वर्षांत भाडे वजा न करणे बरोबरच आहे. ते भाडे आता दायित्वाची परतफेड झाले आहे आणि वित्तपुरवठ्याचे प्रवाह वापरमूल्यात धरायचे नसतात. मालमत्तेच्या पारड्यात वापरहक्क घातला असताना प्रवाहातून भाडेही वजा केले तर एकच ओझे दोनदा मोजले जाईल. पण ते दायित्व आजपासून पाचव्या वर्षाअखेर, म्हणजे दहा वर्षांचा पट्टा संपताना, फिटते. सहाव्या वर्षापासून त्याच जागेत दुकान चालवायचे तर नवा भाडेपट्टा लागणार, आणि त्याचे भाडे आज कुठल्याही दायित्वात नाही. शीटमध्ये मात्र दुकान सहाव्या वर्षापासून जगाच्या अंतापर्यंत फुकट चालत होते.

आम्ही दोघींनी ती शीट सेल-सेल करत उलगडली. सत्ताविसाव्या ओळीवर "भाडे" असे लिहिलेले होते आणि ओळ झाकून ठेवली होती. उघडली तर सगळे रकाने रिकामे. हे मॉडेल २०१९ च्या आधीचे होते. तेव्हा भाडे दरवर्षी वजा होई आणि पुस्तकी मूल्यात फक्त फर्निचर असे, त्यामुळे ते बरोबर चाले. नवे मानक आल्यावर कोणीतरी "भाडे आता वजा करायचे नाही" एवढेच ऐकून अख्खी ओळ पुसली होती. तिच्याबरोबर काही दुकानांचे विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडेही पुसले गेले होते. ते तर दायित्वात कधीच धरले जात नाही, म्हणजे ते पहिल्या वर्षापासून वजा व्हायलाच हवे होते. त्या ओळीच्या कडेला लेखापरीक्षकाची एक लहान टीप होती: "भाडे वगळले, योग्य." खाली आद्याक्षरे माझी, तारीख गेल्या वर्षीची.

मी ती टीप तिच्यापासून लपवली नाही. लपवता आलीही नसती, कारण माझ्याआधी ती तिनेच वाचली होती. तिने विषय काढला नाही, एवढाच तिचा मोठेपणा.

सहाव्या वर्षापासून १०० भाडे धरले तर प्रवाह ११० चा १० होतो आणि टर्मिनल व्हॅल्यू ७९४ वरून ७२ वर येते. एकूण वापरमूल्य ५००. पुस्तकात ६१८. दोन पट वाटणारी सुरक्षितता ११८ च्या तोट्यात बदलायला एका ओळीतले बदल पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यांसमोर आम्ही हे मांडले तेव्हा त्यांची पहिली प्रतिक्रिया रागाची नव्हती, आत्मविश्वासाची होती. ते म्हणाले, "मॅडम, पाच वर्षांनी आम्ही पट्टा वाढवून घेणारच आहोत. करारात तसा पर्याय आमच्या हातात आहे. मग दुकान हवेत कसे?" मी म्हटले, "साहेब, वाढवणार हे वाजवी खात्रीने सांगता येत असेल तर मानकाप्रमाणे ती वाढीव वर्षे भाडेपट्ट्याच्या मुदतीतच धरायला हवीत. मग दायित्वही वाढेल आणि मालमत्ताही. तुम्ही उरलेली मुदत पाचच वर्षे धरली आहे, कारण ताळेबंदावर कर्जासारखे दिसणारे दायित्व वाढायला नको होते." ते काही बोलले नाहीत. खात्री नसेल तर नव्या भाड्यासह प्रवाह धरा, किंवा प्रवाह पाचव्या वर्षीच थांबवा; थांबवला तर वापरमूल्य ४२८ च उरते आणि तोटा १९० होतो. दायित्व मोजताना पट्टा संपतो आणि मूल्य मोजताना तोच पट्टा अमर असतो, असे एकाच ताळेबंदात चालत नाही.

खरी झुंज मात्र त्यांच्या वित्त नियंत्रकाशी झाली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तीच मला आवडली. माणूस अभ्यासू. त्याने फळ्यावर दुसरी मांडणी केली. दायित्व दोन्ही बाजूंनी वजा करू, असे तो म्हणाला. पुस्तकी मूल्य ६१८ वजा ४२१, म्हणजे १९७. प्रवाहातून पहिल्या वर्षापासून भाडे वजा करू, म्हणजे दरवर्षी १० उरतात, कायमचे. ९ टक्क्यांनी त्यांचे मूल्य १११. तोटा फक्त ८६. "ही पद्धतही तुम्हीच शिकवता ना?" असे त्याने विचारले.

पद्धत खरी आहे आणि नीट केली तर उत्तर तेच यायला हवे. आयएएस ३६ सांगते की दायित्व वजा करायचेच झाले तर त्याचे पुस्तकी मूल्य दोन्हीकडून वजा करा: १९७ च्या समोर ५०० वजा ४२१, म्हणजे ७९. फरक पुन्हा ११८. मग नियंत्रकाचे ३२ गेले कुठे? त्याने भाड्याचे प्रवाह ९ टक्क्यांनी वटवले होते, तर ताळेबंदावरचे दायित्व ६ टक्क्यांनी मोजलेले होते. पाच भाडी ९ टक्क्यांनी वटवली की ३८९ होतात, ४२१ नव्हे. फरक त्याच ३२ चा. मी त्याला एवढेच विचारले की ९ हा दर काढताना भांडवलात भाडेपट्ट्याची दायित्वे कर्ज म्हणून धरली होती का. धरली होती. भांडवलात स्वस्त कर्ज मिसळून खाली आलेला तो दर भाडे देण्याआधीच्या प्रवाहाला शोभतो. ठरलेले भाडे आधी चुकते करून मागे उरणारे १० अधिक बेभरवशाचे असतात. विक्री थोडी घसरली तरी ते नाहीसे होतात. ते ७९ वर आणायला दर ९ नव्हे, जवळजवळ १२.७ लागतो. त्याने मोबाइलवर १० भागिले ७९ करून पाहिले, मग फळ्यावरचे ८६ स्वतःच पुसले.

वाटणीत वाद नव्हता. या दुकानाशी ख्यातीमूल्य, म्हणजे गुडविल, जोडलेले नसल्याने तोटा पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात विभागला गेला: सुमारे ७० वापरहक्कावर, ४८ फर्निचर वगैरेंवर. वापरहक्क ३६८ चा २९८ झाला. मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी विचारले, "मग दायित्वही त्या प्रमाणात उतरेल ना?" नाही. दुकान चालो न चालो, जागामालकाला भाडे द्यायचेच आहे. ४२१ तसेच राहतात. वर्षाचा घसारा मात्र ७४ वरून ६० वर येईल, म्हणजे पुढल्या वर्षांचे निकाल थोडे बरे दिसतील. हे ऐकून त्यांना वाटलेले समाधान पाहून मला जरा भीतीच वाटली. विक्री सुधारली तर हा तोटा परत घेता येईल का, असेही त्यांनी विचारले. आयएएस ३६ मध्ये ख्यातीमूल्य सोडून इतरत्र तशी मुभा आहे, तीही ऱ्हास झालाच नसता तर जे पुस्तकी मूल्य उरले असते त्याच्या मर्यादेत. अमेरिकी नियमांत वापरातल्या मालमत्तेला ती नाही.

एक दुकान असे निघाले म्हटल्यावर तेच मॉडेल वापरलेली सगळी दुकाने पुन्हा तपासावी लागली. रात्री अकरापर्यंत आम्ही ओळ सत्तावीस भरत होतो: दुकानाचे नाव, पट्ट्याची अखेर, त्यानंतरच्या वर्षापासून बाजारभावाने भाडे. बहुतेक दुकाने सुधारित आकड्यांतही तरली, काही तरली नाहीत.

राहिले गेले वर्ष. तेव्हाही मॉडेल चुकीचेच होते, आणि तेव्हा ऱ्हास झाला असता तर मागच्या चुकांविषयीच्या आयएएस ८ या मानकानुसार जुने आकडेच दुरुस्त करून मांडावे लागले असते. ती तपासणी मी कोणावर सोपवली नाही. गेल्या वर्षीच्या अंदाजांत विक्री बरी होती. भाडे घालूनही प्रत्येक दुकानाचे वापरमूल्य पुस्तकी मूल्याच्या वर राहिले, दोन दुकानांत अगदी काठावर. म्हणजे मागच्या ताळेबंदातले आकडे बरोबर होते, पण ज्या कारणाने मी ते बरोबर म्हटले होते ते चूक होते. आमच्या फर्मच्या भागीदारांना पाठवलेल्या टिपणात मी हे याच शब्दांत लिहिले, आणि खाली सहकारीचे नाव घातले, कारण प्रश्न तिचा होता.

झोपण्याआधी गेल्या वर्षीची फाइल पुन्हा उघडली. बंद झालेल्या फाइलमधली जुनी टीप पुसता येत नाही, शेजारी नवी लिहिता येते. "भाडे वगळले, योग्य" याच्यापुढे मी लिहिले: "फक्त पट्ट्याच्या मुदतीपुरते."